पाचव्या मैलावर

पट्टा आधी घट्ट आवळ, ऑप्टाटस.
गालांवरून मानेमागे. केस अडकू देऊ नकोस.
गाल सैल राहिले की सूर गळतो
तडकलेल्या रांजणातून पाणी गळावं तसा.
दोन नळ्या. उजवी बोलते, डावी हुंकार देते.
एवढं तुला येतंच. येत नाही ते सांगतो.

आपण देवासाठी वाजवत नाही.
देवाला सूर हवे असते तर रानात पाखरं काय कमी होती?
आपण वाजवतो ते पुरोहिताच्या कानांसाठी.
मंत्र चालू असताना उंदराची चुकचुक,
कुणाची शिंक, गाडीच्या चाकाची करकर,
काही म्हणजे काही त्याच्यापर्यंत पोचता कामा नये.
त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी,
कानांवर आपण.

गव्हाची ओंबी चिकावर आली
की क्लाउडियन रस्त्याने निघायचं,
पाचव्या मैलाच्या दगडापाशी थांबायचं.
तिथल्या राईत तांबेऱ्याचं ठाणं आहे.
बुवा की बाई, आजवर कुणालाच ठाऊक नाही,
म्हणून पुरोहित दोन्ही म्हणून ठेवतो:
देव असशील वा देवी असशील.
लोखंड खाणारा गंज आणि गहू खाणारा तांबेरा,
आपल्या बोलीत दोघांना नाव एकच.
त्याला लाल आवडतं.
म्हणून एक मेंढी, ऊद, द्राक्षाची दारू,
आणि तांबडं पिल्लू. दूध न तुटलेलं.

अकरा वर्षं झाली.
पिल्लू लोलियसच्या गोठ्यातलं होतं,
त्याच्या लेकीने, वीबियाने, त्याला नाव दिलेलं.
देऊ नये ते. गिल्वा.
पिल्लाच्या गळ्यात पट्टा, माझ्या गालांवर पट्टा.
कपाळावर खारं पीठ पडलं, तिने नाक चाटलं,
मान हलली.
कौल दिला, म्हणाले सगळे.
मग तिने सुरांकडे पाहिलं, म्हणजे माझ्याकडे,
आणि शेपूट हलवली.

मी एक श्वास चुकलो.
एकच.
सुरी फिरली ती नेमकी त्या फटीत,
आणि ते बारीकसं कुईं
सरळ टोपीखाली शिरलं.

पुरोहित रागावला नाही.
हात धुतले, टोपी सारखी केली,
म्हणाला, पहिल्यापासून.

पहिल्यापासून म्हणजे काय, कळतंय का तुला?
सांडलेलं मोजत नाहीत.
लोलियसचा गडी रस्त्यापलीकडे पळत गेला
आणि टोपलीतून तिचा भाऊ घेऊन आला.
टोपलीमागे कुत्री, सड दुधाने तटतटलेले.
कुत्रीमागे वीबिया.

दुसऱ्या खेपेला डोळे मिटून वाजवलं.
तसं मी पुन्हा कधी वाजवलेलं नाही.
अख्खी राई दोन नळ्यांत कोंबली.
कुणाला काही ऐकू आलं नाही.
डोळे उघडले तेव्हा वीबियाचं तोंड उघडं होतं.
ती ओरडत असावी.

त्या साली गहू असा आला की कोठारं पुरेनात.
पानावर लाल बोट उमटलं नाही कुठे.
भाकर मी खाल्ली. तिनेही खाल्लीच असेल,
न खाऊन जाते कुठे.
थंडीत एकदा स्नानगृहाच्या पायरीवर
पुरोहित एकटा भेटला, तेव्हा विचारलं मी,
पीक राखलं ते कुठल्या पिल्लाने?
दुसऱ्या, म्हणाला.
आणि पहिलं?
तो अंग पुसत होता. खूप वेळ पुसत होता.
पहिलं तुझं, म्हणाला.

असो. नळीतली लाळ झटक,
तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेव.
उद्या उजाडायच्या आत निघायचंय.
वाटेत खजूर खाऊ नकोस, घशाला चिकटतो.
पिल्लाकडे बघू नकोस
असं मी तुला सांगणार नाही.
बघ.
दम तेवढा तुटू देऊ नकोस.